कमाईचे सत्र आणि कॉलेजची मदत : अमेरिकेतील ‘को-ऑप’चा हिशेब

कारागिराच्या घरात मुलगा उस्तादाच्या हाताखाली बसून काम शिकतो आणि शिकता शिकता चार पैसे घरातही आणतो. हुनर हाती येते आणि खर्चाला टेकूही मिळतो. कॉलेजच्या शिक्षणात मात्र ही सोय सहसा नसते. चार वर्षे फी भरायची, पुस्तके घ्यायची आणि पदवी हाती आल्यावर नोकरीच्या शोधात निघायचे, हाच आपल्याकडचा सर्वसाधारण क्रम आहे. अमेरिकेतील काही विद्यापीठांनी शंभर वर्षांपूर्वीच या दोन्ही वाटा एकत्र आणल्या. काही महिने वर्गात बसायचे, काही महिने कारखान्यात किंवा कचेरीत पगारावर काम करायचे आणि पुन्हा वर्गात परतायचे, अशी ही पद्धत आहे. तिला तेथे ‘को-ऑपरेटिव्ह एज्युकेशन’ म्हणतात आणि बोलीत ‘को-ऑप’.

को-ऑप म्हटले की आपल्याला पतपेढी, ग्राहक भांडार किंवा हाउसिंग सोसायटी आठवते. येथे तो अर्थ नाही. येथे सहकार्य आहे ते कॉलेज आणि कामाची जागा यांच्यात. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली इंजिनिअरिंगच्या २७ विद्यार्थ्यांना घेऊन ही पद्धत सुरू केली. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्नने १९०९ मध्ये आणि फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेलने १९१९ मध्ये ती स्वीकारली. योगायोग असा की, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली तेही १९१९ सालच. त्यांचे ‘कमवा आणि शिका’ महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले आहे. दोन्हींमागचा विचार जवळचा आहे, फरक इतकाच की अमेरिकेत पगार कंपनी देते आणि काम अभ्यासक्रमाचा भाग असते.

आमच्या वाचकांपैकी काहींचे भाऊ-बहीण, भाचे-पुतणे अमेरिकेत स्थायिक आहेत. कोणाचे तेथे किराणा मालाचे दुकान आहे, कोणी टॅक्सी चालवतो, कोणी शिवणकाम करतो. त्यांची मुले आता कॉलेजच्या वयाला आली आहेत. मुलाने को-ऑपचा कोर्स घेतला, पगारही चांगला मिळाला, पण दोन वर्षांनी कॉलेजची मदत अचानक कमी झाली आणि घरात कोणालाच कारण कळेना, असे घडू शकते. हा कोणाचा अन्याय नाही, हिशेबाची रीत आहे. ती आधी माहीत असली तर नुकसान बरेच टाळता येते. म्हणून ती येथे मांडत आहोत.

मदत ठरते कशी?

अमेरिकेत कॉलेजची सरकारी मदत हवी असेल तर दरवर्षी एक अर्ज भरावा लागतो. त्याला ‘फाफ्सा’ म्हणतात. त्यात पालकांचे व विद्यार्थ्याचे उत्पन्न, बँकेतील शिल्लक आणि इतर मालमत्ता यांची माहिती जाते. त्यावरून सरकार एक आकडा काढते, त्याचे नाव ‘स्टुडंट एड इंडेक्स’. आपण त्याला सोयीसाठी ‘निर्देशांक’ म्हणू. हा आकडा जितका लहान, तितकी गरज मोठी मानली जाते आणि तितकी मदत अधिक मिळते.

मदत तीन प्रकारची असते. पहिली अनुदानाची, म्हणजे परत न करावयाची. यात मुख्य ‘पेल ग्रँट’ आहे. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षासाठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. दुसरी कर्जाची, ती व्याजासह फेडावी लागते. तिसरी ‘वर्क-स्टडी’, म्हणजे मदतीचाच भाग म्हणून दिलेले अर्धवेळ काम. को-ऑप आणि वर्क-स्टडी यांची गल्लत करू नये. को-ऑपचा पगार हा कंपनीने कामाबद्दल दिलेला पगार आहे. त्यावर कर कापला जातो आणि तो विद्यार्थ्याचे उत्पन्न म्हणूनच मोजला जातो.

येथे एक मोठा बदल झाला आहे, तो जाणून घेणे जरुरीचे आहे. २०२३-२४ पर्यंतच्या अर्जात को-ऑपच्या कमाईसाठी स्वतंत्र रकाना होता. तेथे रक्कम लिहिली की ती उत्पन्नातून वजा होई. २०२४-२५ पासून अर्ज नव्याने आखला गेला, प्रश्न कमी करण्यात आले आणि त्यात हा रकाना गेला. त्यामुळे थोरल्या भावाने पाच-सहा वर्षांपूर्वी जो अनुभव घेतला, तो धाकट्याच्या कामी येईलच असे नाही. “आमच्या वेळी तर पगार मोजलाच नव्हता,” हे थोरल्याचे म्हणणे खरे आहे, पण तो नियम आता उरलेला नाही.

एक उदाहरण मांडून पाहू

समजा, एका विद्यार्थ्याने २०२३ च्या जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत को-ऑपवर २०,००० डॉलर मिळवले. तेव्हा तो दुसऱ्या वर्षात होता. फाफ्सात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरले जाते. म्हणजे २०२३ च्या कमाईचा परिणाम २०२५-२६ च्या मदतीवर, तो चौथ्या वर्षात असताना, दिसणार.

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याच्या उत्पन्नातील काही रक्कम मोजली जात नाही. २०२५-२६ साठी ती ११,५१० डॉलर होती. शिवाय सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे ७.६५ टक्के, म्हणजे १,५३० डॉलर वजा होतात. केंद्रीय आयकर या उदाहरणात सुमारे ६१५ डॉलर येतो, तोही वजा होतो. २०,००० मधून हे सारे काढले की उरतात ६,३४५ डॉलर. यातील निम्मी रक्कम, म्हणजे सुमारे ३,१७० डॉलर, विद्यार्थ्याने शिक्षणाला लावावी असे सरकार धरते. तितकी रक्कम त्याच्या निर्देशांकात पडते.

आता पालकांच्या उत्पन्नावरून निर्देशांकात २,००० डॉलर पडत असतील, तर एकूण आकडा ५,१७० च्या आसपास जातो. पेल ग्रँट काढताना कमाल रकमेतून निर्देशांक वजा करतात. मुलाने काही कमावले नसते तर त्याला किमान ५,३९५ डॉलर मिळाले असते. आता मिळतील सुमारे २,२००. फरक तीन हजारांहून अधिक डॉलरचा, आणि तोही अशा वर्षी की ज्या वर्षी तो वर्गात बसलेला आहे, पगार चालू नाही आणि मागचा पैसा बहुधा खर्च झालेला आहे. खरा फटका बसतो तो येथे. रक्कम फार मोठी नाही, पण ती अवेळी येते.

दुकानदार हे लगेच ओळखेल. सणात विक्री जोरात झाली, पैसा गल्ल्यात आला, तो घरखर्चात गेला आणि पुढे कराची नोटीस आली तेव्हा हात रिकामा, असे ज्याने अनुभवले आहे त्याला याहून वेगळे सांगण्याची गरज नाही.

मग को-ऑप करूच नये का?

मुळीच नाही. वरच्याच उदाहरणात कर वजा जाता विद्यार्थ्याच्या हाती १७,८०० डॉलरहून अधिक आले. मदत तीन-चार हजारांनी घटली तरी जमेची बाजू मोठीच राहते. त्याशिवाय कामाचा अनुभव मिळाला, ओळखी झाल्या, पदवीनंतर त्याच कंपनीत नोकरी लागण्याची वाट मोकळी झाली. मदत घटते म्हणून पगार सोडणे म्हणजे कर भरावा लागतो म्हणून दुकानच न उघडण्यासारखे आहे.

मात्र एक गोष्ट वजा करायला विसरू नये. काम दुसऱ्या शहरात असेल तर घरभाडे, प्रवास, जेवण यांचा खर्च वाढतो. पगाराचा आकडा ऐकून हुरळून न जाता हातात काय उरेल ते पाहावे. कायद्याने को-ऑपच्या विद्यार्थ्याच्या शिक्षणखर्चात अशा कामासाठी लागणारा वाजवी खर्च धरण्याची मुभा कॉलेजला दिलेली आहे. ती आपणहून लागू होईल असे मानू नये. मदत कचेरीत जाऊन विचारावे.

कोणाला झळ लागते, कोणाला नाही

अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला येथे संरक्षण आहे. अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याच्या पालकांचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १७५ टक्क्यांपर्यंत असेल, किंवा पालक एकटे असल्यास २२५ टक्क्यांपर्यंत असेल, तर पूर्ण पेल ग्रँट मिळते. मुलाच्या को-ऑपच्या पगाराने तिला धक्का लागत नाही. दुसऱ्या टोकाला, ज्यांना मुळातच गरजेवर आधारित मदत मिळत नाही अशा श्रीमंत घरांनाही काही फरक पडत नाही. झळ लागते ती मधल्यांना, म्हणजे लहान दुकानदार, कारागीर, पगारदार यांच्या मुलांना.

लहान व्यापाऱ्यांसाठी याच संदर्भात आणखी एक बाब. २०२४-२५ पासून कुटुंबाच्या लहान व्यवसायाची किंमतही मालमत्ता म्हणून मोजली जाऊ लागली होती. २०२५ साली झालेल्या कायद्याने २०२६-२७ पासून शंभरापर्यंत पूर्णवेळ कामगार असलेला कुटुंबाचा व्यवसाय पुन्हा त्यातून वगळण्यात आला. दुकानाचा माल व फर्निचर यांची किंमत अर्जात लिहिण्याआधी हे लक्षात घ्यावे. दुकानातून मिळणारा नफा मात्र उत्पन्न म्हणून मोजला जातोच.

तारखांचे महत्त्व

या सर्व व्यवहारात रकमेइतकेच महत्त्व तारखेला आहे.

पहिली गोष्ट, उत्पन्न कॅलेंडर वर्षाप्रमाणे मोजले जाते, शैक्षणिक वर्षाप्रमाणे नव्हे. तेच २०,००० डॉलर दोन कॅलेंडर वर्षांत दहा-दहा हजार असे विभागून आले, तर प्रत्येक वर्षाची रक्कम ११,५१० च्या आत राहते आणि मुलाच्या पगारामुळे निर्देशांक वाढत नाही. सप्टेंबर ते मार्च असे सत्र असेल तर पगार आपोआप दोन वर्षांत वाटला जातो. जुलै ते डिसेंबर असे असेल तर सारा एकाच वर्षात पडतो. आणि जानेवारी ते जून व लगेच जुलै ते डिसेंबर अशी दोन सत्रे लागोपाठ घेतली, तर बोजा दुप्पट होतो. निवड हाती असेल तर हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट, दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरले जात असल्याने पदवीच्या अगदी शेवटच्या टप्प्यातील कमाई पदवीच्या मदतीत कधीच मोजली जात नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षातील पगार मात्र पुढे हमखास समोर येतो. दोन्हीपैकी एकच को-ऑप करावयाचे असेल तर उशिराचे सत्र मदतीच्या दृष्टीने सोयीचे.

तिसरी गोष्ट शिल्लक रकमेची. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर अर्ज भरण्याच्या दिवशी जी बचत असेल, तिच्या २० टक्के रक्कम निर्देशांकात धरली जाते. पालकांच्या बचतीबाबत हे प्रमाण फार तर ५.६४ टक्के असते. म्हणजे पगार एकदा उत्पन्न म्हणून मोजला जातो आणि न खर्चता ठेवला तर पुन्हा शिल्लक म्हणून. पैसा लपवणे किंवा खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे आणि आपल्या सचोटीला शोभणाराही नाही. परंतु अर्ज भरण्यापूर्वी पुढील सत्राची फी, वसतिगृहाचे पैसे किंवा जुने देणे चुकते करणे पूर्णपणे रास्त आहे.

फी नसलेले सत्र आणि कर्ज

काही विद्यापीठे को-ऑपच्या सत्रात फी घेत नाहीत. त्या सत्रात विद्यार्थी कोणताही विषय शिकत नसेल तर सरकारी मदतही साधारणपणे मिळत नाही. ती अभ्यासाच्या सत्रांतच मिळते. यात तोटा नाही, कारण पेल ग्रँट आयुष्यात एकूण बारा सहामाही सत्रांपुरतीच मिळते. न घेतलेल्या सत्राची मदत पुढे शिल्लक राहते.

कर्जाच्या बाबतीत मात्र जपावे. सरकारी कर्जाची फेड शिक्षण अर्धवेळेपेक्षा कमी झाल्यापासून सहा महिन्यांनी सुरू होते. को-ऑपचे सत्र सहा महिन्यांचे असते आणि त्या काळात कॉलेजने विद्यार्थ्याची नोंद चालू विद्यार्थी म्हणून ठेवली नाही, तर ही सवलत संपून हप्ता सुरू होऊ शकतो. परत वर्गात आल्यावर हप्ता थांबतो, पण एकदा वापरलेली सहा महिन्यांची मुदत पुन्हा मिळत नाही. बहुतेक मोठी को-ऑप विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांची नोंद पूर्णवेळ अशीच ठेवतात. तरीही लेखी खात्री करून घ्यावी.

दुसरे, को-ऑपमुळे चार वर्षांचा कोर्स अनेकदा पाच वर्षांचा होतो. अवलंबून असलेल्या पदवी विद्यार्थ्याला सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरवर्षी ७,५०० डॉलरपर्यंत मिळते, पण एकूण मर्यादा ३१,००० ची आहे. चार वर्षे पूर्ण कर्ज उचलले तर २७,००० होतात. पाचव्या वर्षासाठी ४,००० उरतात. शेवटचे वर्ष कशावर काढायचे याचा विचार पहिल्याच वर्षी व्हायला हवा.

व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या कुटुंबांना येथे को-ऑपचा खरा उपयोग आहे. अनुदान अधिक मेहनतीचा पगार, एवढ्यावर शिक्षण निभावले तर कर्जाला हात लावण्याची वेळ येत नाही. पण ते तेव्हाच जमते जेव्हा पगारातील काही भाग पुढच्या घटीसाठी राखलेला असतो. आमचा सल्ला असा की, हातात आलेल्या पगाराचा चौथा हिस्सा बाजूला काढावा आणि दोन वर्षांनंतरच्या फीचा समजावा.

विचारण्याचा हक्क

निर्देशांक हा अंतिम निकाल नव्हे. दोन वर्षांपूर्वी को-ऑपमुळे उत्पन्न वाढले होते, आता ते नाही, असे कागदपत्रांसह दाखवले तर कॉलेजच्या मदत अधिकाऱ्याला आकडे बदलण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. तो द्यायलाच हवा असे बंधन त्यांच्यावर नाही, पण न विचारणाऱ्याला काहीच मिळत नाही. को-ऑपचे नेमणूकपत्र, शेवटची पगारचिठ्ठी आणि काम संपल्याची तारीख यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. तसेच अनेक खासगी विद्यापीठे स्वतःचे अनुदान देताना ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा वेगळा अर्ज घेतात आणि तेथे त्यांचे स्वतःचे नियम चालतात. को-ऑपचा पगार ते कसा धरतात, हे प्रवेश घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

येथून जाणाऱ्यांसाठी

ही सारी सरकारी मदत अमेरिकेचे नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक वर्गांसाठीच आहे. मुंबई, पुणे किंवा रत्नागिरीहून स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्या मुलाला पेल ग्रँट मिळत नाही. त्याच्यासाठी को-ऑपचा प्रश्न वेगळा आहे. त्याला कामाची परवानगी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते. अशा परवानगीवर बारा महिने किंवा अधिक पूर्णवेळ काम केले, तर त्याच पातळीच्या पदवीनंतर मिळणारी कामाची मुदत गमवावी लागते. म्हणून दोन सहामाही को-ऑप पूर्णवेळ घेण्याआधी महिने मोजावेत. कोर्स लांबला तर येथील बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे व्याजही तितके महिने वाढते, हेही पालकांनी धरून चालावे.

कमावत शिकणे ही कष्टकरी घरांची जुनीच रीत आहे आणि ती चांगली आहे. फक्त वहीत दोन नोंदी ठेवाव्या लागतात: पगार कोणत्या महिन्यात आला, आणि तो कोणत्या वर्षाच्या मदतीत मोजला जाणार. पहिली नोंद सगळेच ठेवतात. को-ऑपला जाणाऱ्या मुलाने दुसरीही पहिल्या पगाराच्या दिवशीच लिहून ठेवावी.